भाऊंची चौकशी आणि बेवारस बोका

जगात काहीही बिघडलं तरी त्याला कुणीतरी एकजण जबाबदार असतो, आणि तो सापडेपर्यंत कुणी जागचं हलता कामा नये, यावर मळवलीतल्या माझ्या शेजाऱ्यांची जेवढी श्रद्धा आहे तेवढी देवावरही कुणाची नसेल. सगळा गाव त्यांना भाऊ म्हणतो. नोकरीभर ते मालगाडीवर गार्ड होते. नोकरी संपली, पण चौकशी संपली नाही. दूध उतू गेलं तर भाऊ गॅस बंद करत नाहीत, आधी विचारतात, "ड्युटीवर कोण व्हतं?" ड्युटीवर नेहमी वहिनीच असतात, कारण त्या घरात तिसरं माणूस नाही, तरी प्रश्न चुकत नाही. भाचीच्या लग्नात मसालेभात करपला, तेव्हा त्यांनी आचारी, दोन वाढपी आणि मुलाचा काका अशा सगळ्यांना मांडवाच्या कोपऱ्यात उभं करून एकेकाची जबानी घेतली. तोवर अर्धं वऱ्हाड कार्ल्याच्या फाट्यावर वडापाव खायला पोचलं होतं. शेवटी निष्कर्ष निघाला, तो असा की भात खालून करपला.

या भाऊंच्या पायरीवर एक पिवळा बोका येत असे. शनिवार-रविवारी बंगलेवाले आले की तो तिकडे चीज खाई. एका बंगल्यात त्याला मफिन म्हणत, दुसऱ्यात शेरू, आणि दोन्ही नावांकडे तो सारखंच दुर्लक्ष करी. सोमवारी बंगल्यांना कुलपं लागली की स्वारी भाऊंकडे हजर. "आपलं न्हाई बरं का ते," भाऊ येणाऱ्याजाणाऱ्याला न विचारता सांगत. "येतंय, खातंय, जातंय." आठवडी बाजारातून सुके बोंबील मात्र ते स्वतः निवडून आणत, आणि नवरा-बायको दोघंही माळकरी.

गेल्या वर्षी भातकापणी चालू असताना एका सकाळी बोका तीन पायांवर आला. मागच्या मांडीवरचे केस रक्ताने चिकटलेले आणि त्यात दोन बारीक भोकं. कुणीतरी कडकडून चावलं होतं. वहिनी पाण्याची वाटी घेऊन धावल्या, तर भाऊ कडाडले, "हात लावायचा न्हाई! आदी चौकशी!" मग काडेपेटीतल्या काडीने त्यांनी दोन भोकांमधलं अंतर मोजलं आणि ती काडी घेऊन गावभर फिरले. बंगल्याच्या वॉचमनच्या कुत्र्याचा जबडा उघडून त्याच्या सुळ्यांना काडी लावून पाहिली. कुत्र्याने भाऊंचं तोंड चाटलं आणि त्याचं नाव संशयितांतून वगळण्यात आलं. मग मुंगसावर संशय आला, मग घोणशीवर, मग कार्ल्याच्या डोंगरावरून उतरणाऱ्या माकडांवर. मी म्हटलं, "भाऊ, डॉक्टरकडे नेऊ या का?" तर म्हणाले, "कारण कळल्याबिगर गाडी हलवत न्हाईत."

संध्याकाळी बोक्याने बोंबलाकडे पाठ फिरवली. मांडी सुजली होती, अंग तापलं होतं. वहिनींचा संयम सुटला. "चावणारं घावलं म्हंजी जखम भरनार हाय व्हय? मरंल की ते तुमच्या चौकशीपायी!" भाऊ वरमले. उघड्या हाताने जखमेत हळद भरायला गेले आणि बोक्याने त्यांच्या अंगठ्यात दात रुतवले. "आता सांगा," वहिनी म्हणाल्या, "ड्युटीवर कोण व्हतं?"

दुसऱ्या दिवशी टोमॅटोच्या क्रेटमध्ये बोका, त्यावर दुसरं क्रेट पालथं आणि त्यावर भाऊंचे दोन्ही हात, अशा थाटात आम्ही रिक्षाने लोणावळ्याला गेलो. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी हातमोजे चढवून जखमेभोवतीचे केस काढले, तर भोकं दोन नव्हती, चार होती. आत पू झाला होता. काडीचा सगळा तपास तिथेच निकालात निघाला.

"कोण चावलं?" बाईंनी विचारलं.

"चौकशी चालू हाय," भाऊ म्हणाले.

"ती राहू द्या. कोण चावलं ते माहीत नसेल, तर चावणारं पिसाळलेलंच होतं असं धरून चालायचं."

भाऊ एकदम ताठ उभे राहिले. "म्हंजी दिवा गेलेला सिग्नल. तो लालच धरायचा!" एवढं त्यांना आयुष्यात कुठल्याच डॉक्टरचं बोलणं पटलं नसेल. मग बाईंचं लक्ष त्यांच्या अंगठ्याकडे गेलं. साबणाने धुतलं का, असं विचारल्यावर भाऊंनी फुंकर मारल्याचं सांगितलं. बाईंनी त्यांना तिथेच नळाखाली उभं करून अंगठा साबणाने बराच वेळ धुवायला लावला, आणि इथून थेट सरकारी दवाखान्यात जाऊन इंजेक्शन घ्यायचं, असं बजावलं. सुईच्या भीतीने ज्यांनी दुखरी दाढ वर्षभर सांभाळली, ते भाऊ नुसतेच "व्हय" म्हणाले.

"आणि याला घरात वेगळं कोंडून ठेवावं लागेल. रोज औषध, रोज लक्ष. विचित्र वागायला लागला, लाळ गाळायला लागला तर हात न लावता मला फोन. कदाचित वाचणारही नाही. तर हा कुणाचा? जबाबदार कोण?"

मी भाऊंकडे पाहिलं. जन्मभर दुसऱ्यांना विचारलेला तो प्रश्न पहिल्यांदाच त्यांच्याकडे परत आला होता. क्रेटच्या फटीतून एक पिवळा कान दिसत होता.

"माझा हाय," भाऊ म्हणाले. "मी जबाबदार." आवाज इतका बारीक होता की बाईंनी पुन्हा विचारलं आणि भाऊंना ते पुन्हा सांगावं लागलं.

मागच्या खोलीत बोका बंद होता तेवढे दिवस भाऊ दाराबाहेर खुर्ची टाकून बसले. फटीतून त्याला रुळांच्या, घाटाच्या गोष्टी सांगत. आतून गुरगुर आली की खूश होत. बोका जगला. बाईंनी होकार दिल्यावर दार उघडलं, तर पठ्ठ्या भाऊंकडे ढुंकूनही न बघता कुंपणावरून थेट मफिन व्हायला निघून गेला.

चावलं कोण, ते आजवर कळलेलं नाही. भाऊ आता विचारतही नाहीत. दिवेलागणीला ते फाटकाशी येतात, नोकरीतला जुना हातदिवा बंगल्यांच्या दिशेने धरतात आणि हिरवा दाखवत राहतात. परवा बोक्याला बराच उशीर झाला. भाऊंचा हात दुखत असणार, पण दिवा खाली आला नाही. शेवटी अंधारातून तो रमतगमत आला. मला वाटलं, आता जबानी होणार. भाऊ नुसते वाकले आणि त्याच्या मांडीवरून एकदा हळूच हात फिरवला. मग आत हाक दिली, "अगं, आपला आला."