खोबरेल लावलेला ग्लव्ह

फेब्रुवारीत माझा नवरा गेला. ऑफिसच्या कार पार्कमध्ये, गाडीचं दार उघडता उघडता. तेव्हापासून ऑक्टोबरपर्यंत माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. लोक म्हणाले, बाई खंबीर आहे हो. डोंबलाची खंबीर! आत काही हलतच नव्हतं, त्याला मी काय करणार? कामावर जायचं, मंगळवारी कचऱ्याचे बिन बाहेर ठेवायचे, दूध संपलं की दूध आणायचं. आणि संध्याकाळी शेजारच्या आजींकडे चहाला जाऊन बसायचं, कारण त्या "कशी आहेस?" असं विचारायच्या नाहीत. स्वतःच बोलत राहायच्या.

आजी सत्याण्णव वर्षांच्या, मूळच्या अमेरिकेतल्या. इथे कॉव्हेंट्रीत सगळी गल्ली त्यांना नावानं हाक मारायची. माझी जीभ काही त्याला वळेना, म्हणून मी "आजी" म्हणायला लागले. अर्थ सांगितला तेव्हा म्हणाल्या, "चालेल, म्हातारी तर आहेच मी."

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा त्या अठरा-एकोणीसच्या होत्या आणि बेसबॉल खेळायच्या. हौस म्हणून नाही, पगारी! तिकडे तेव्हा बायकांच्या टीम होत्या. बसमधून गावोगाव फिरायचं, तिकीट काढून लोक बघायला यायचे. खेळायचं मात्र स्कर्टमध्ये. बेसवर घसरत पोचलं की मांडीची सालटी निघायची. आणि मैदानात उतरण्याआधी एक बाई प्रत्येकीचे ओठ बघायची, लिपस्टिक नसेल तर परत पाठवायची. पुढे आजी एका इंग्रज सैनिकाशी लग्न करून इथे आल्या. इथे ज्याला त्याला सांगावं, तर तो म्हणायचा, "म्हणजे आपलं राउंडर्सच ना?" शाळेतल्या मुलींचा खेळ तो! मग त्यांनी सांगणंच सोडलं.

मला सांगायच्या. एकच मॅच, पुन्हा पुन्हा. सीझनची शेवटची, जिंकणारी टीम चॅम्पियन. आजींची जिवलग मैत्रीण बॉल टाकत होती. तिचा खांदा सुजलेला, पण ती कोणाला हात लावू देईना. शेवटच्या बॉलला समोरच्या मुलीनं असा उंच टोला हाणला की मैत्रीण मान खाली घालून उभी राहिली, वर बघेचना. आजी उलट्या पळत पळत गेल्या, पाठ फळ्यांच्या कुंपणाला आपटली, आणि बॉल ग्लव्हमध्ये.

"एवढा सुपाएवढा ग्लव्ह घातल्यावर कोणीही कॅच घेईल," मी एकदा म्हटलं. आमच्याकडे क्रिकेटवेडा नवरा होता, मला तेवढं कळतं. आजींनी हातातलं संत्रं माझ्या अंगावर फेकलं. नेम अजून चांगला होता.

परतीच्या बसमध्ये त्या मैत्रिणीनं फाउंटन पेननं ग्लव्हच्या आत, तळव्याच्या बाजूला, दोन ओळी लिहिल्या. पुढच्या वर्षी ती गेली. तिचा फोटो नाही, पत्र नाही. होत्या त्या तेवढ्याच दोन ओळी.

हे आजींनी मला दहा वेळा तरी सांगितलं असेल. मी हूं हूं करत होते. कानावर पडायचं आणि तिथूनच परत जायचं. त्या महिन्यांत माझं सगळ्याचंच तसं होतं.

ऑक्टोबरात ठरलं, की शनिवारी आजींचा मुलगा येऊन त्यांना एडिनबराला नेणार, त्याच्या घराजवळच्या केअर होममध्ये. एकच बॅग न्यायची. बाकी सगळं चॅरिटी शॉपला. गुरुवारी आजींनी कपाटातून ग्लव्ह काढून माझ्याकडे दिला. "हा आधी ठेव. बाकी काही राहिलं तरी चालेल."

मी बघितलं. लाकडासारखा कडक, कळकट, आत काळेनिळे डाग. हा असा न्यायचा? चार लोकांत? माझे हात शिवशिवायला लागले. गुपचूप घरी नेला. कोमट पाण्यात फडका पिळून आतून बाहेरून खसाखसा पुसला. निळं पाणी निघालं, तेही सिंकमध्ये ओतलं. चांगला रंग येतोय म्हणून खूशही झाले. मग वाळवून खोबरेल लावलं. थंडीनं बाटलीतलं तेल थिजलं होतं, ते रेडिएटरवर वितळवून घेतलं. पुन्हा पुन्हा चोळलं. कातडं लोण्यासारखं मऊ झालं, आणि त्याला माझ्या केसांसारखा वास यायला लागला.

शुक्रवारी सकाळी ऐटीत नेऊन दिला.

आजींनी हात घातला, काढला, आत बघितलं. खिडकीपाशी जाऊन पुन्हा बघितलं. आणि तेव्हा, कर्म माझं, तेव्हा मला ती बस आठवली. फाउंटन पेन आठवलं.

"पुसलंस?"

"हो." दुसरं काय सांगणार?

त्या खुर्चीत बसल्या. ग्लव्ह मांडीवर ठेवला. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"तुम्ही मला सांगा," मी म्हटलं. "काय होतं ते सांगा, मी परत लिहून देते. नीट, शाईनं."

"काय होतं ते पाठ आहे गं मला. तू कशाला लिहितेस?" त्या म्हणाल्या. "मला तिचं अक्षर हवं होतं."

आणि माझ्या तोंडून भलतंच निघालं. कुठून आलं कोण जाणे. "मी त्याची उशी धुतली," मी म्हटलं.

मग सांगावंच लागलं. तेरावा झाला, सुतक फिटलं, तेव्हा सासूबाई पुण्याहून व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या, "आता घर धुवून काढ गं." आमच्यात तसंच करतात. मीही केलं. चादरी, अभ्रे, त्याचा टॉवेल, खुर्चीवर टाकलेला फ्लीसचा स्वेटर, सगळं साठ डिग्रीला मशीनमध्ये. नुसते अभ्रे नाहीत, उशीसुद्धा. वाळलं, घड्या घातल्या. रात्री फ्लीस नाकाशी धरला, तर धुण्याच्या पावडरचा वास. कपाटात शोधलं, कोटाच्या खिशात शोधलं. घरात कुठेच तो उरला नव्हता. मी बाई स्वच्छ! हे कोणालाच सांगितलं नव्हतं. सासूबाईंना काय सांगणार, त्यांचा तर मुलगा गेला होता.

आजी ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं, "कसा यायचा त्याचा वास?"

मी सांगायला तोंड उघडलं. सत्तावीस वर्षं त्याच्या शेजारी झोपले होते. आणि मला आठवेना. साबणाचं नाव आठवलं, आफ्टरशेव्हची बाटली आठवली, त्याचा वास मात्र आठवेना. मी तशीच उघड्या तोंडानं उभी, आणि तिथेच, आजींच्या कार्पेटवर बसून मी भोकाड पसरलं. आठ महिन्यांचं एकदम. आजींनी थांबवलं नाही. किचन रोल आणून माझ्या शेजारी ठेवला आणि आपण खुर्चीत बसून राहिल्या.

शनिवारी त्यांची बॅग मीच भरली. ग्लव्ह ठेवू का, हे विचारायची हिंमत होईना, तर त्यांनीच कपड्यांवर ठेवला. मुलगा बॅग बंद करायला वाकला आणि त्यानं नाक मुरडलं.

"कसला वास येतोय याला? काढून ठेवू?"

"राहू दे," आजी म्हणाल्या. "ती माझी शेजारीण आहे."