हमीदभाईंनी न मागितलेली सही

हमीदभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, "कोण बोलतंय?" पलीकडून आवाज आला, "मी युसूफ, चाचा. धुळ्याहून. अब्बा गेले." तरीही मी "कोण अब्बा?" असं विचारून खात्री करून घेतलीच. जकात नाक्यावर नोकरी काढलेल्या माणसाला मरणाची बातमीसुद्धा उघडून बघावीशी वाटते. फोन ठेवल्यावर मात्र हिशेब केला. बारा वर्षं मी या माणसाशी धड बोललो नव्हतो... आणि आता बोलायची सोय उरली नव्हती.

आमची ओळखच मुळी संशयातून झाली. ऐंशीच्या आसपास मी जळगावच्या नाक्यावर होतो. धुळ्याच्या एसटीत एक शिडशिडीत माणूस पत्र्याची पेटी अंगाशी धरून बसला होता. ते धरणं मला आवडलं नाही. खाली उतरवून पेटी उघडायला लावली. आत ग्रीस लावलेल्या स्प्रिंगा, स्क्रू, चाप. परवान्याचा कागद वरच ठेवलेला. मी एकूण एक वस्तू बाहेर काढली, काही सापडलं नाही म्हणून पुन्हा भरली. तेव्हा या गृहस्थांनी खिशातून यादी काढली, प्रत्येक स्प्रिंग मोजली आणि पेन माझ्यापुढे धरलं. "साहेब, बठ्ठा माल परत भेटना, आशी सही करा." सगळा माल परत मिळाला, असं त्यांना माझ्याकडून लिहून हवं होतं. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, प्रवासी आम्हा दोघांच्या नावानं बोटं मोडत होते. शेवटी एसटी त्यांना सोडून निघून गेली. मी सही केली आणि त्यांना चहा पाजला. माझ्यावरताण संशयी माणूस मला तोवर भेटला नव्हता, आणि खरं सांगतो, फार बरं वाटलं.

धुळ्यात त्यांचं बंदूक दुरुस्तीचं दुकान होतं, वडिलांच्या वेळचं. पण लोक दुरुस्तीपेक्षा पारखीसाठी जास्त यायचे. आजोबांच्या कपाटातून निघालेलं फौजी रिव्हॉल्वर खरं किती जुनं, अस्सल की जोडकाम, हे सांगावं तर हमीदभाईंनीच. चोपड्याचे एक बागाईतदार एकदा मुठीवर कुणा संस्थानिकाचं नाव कोरलेलं रिव्हॉल्वर घेऊन आले होते. हमीदभाईंनी अक्षरांवरून नख फिरवलं आणि म्हणाले, "हाई नाव बंदूकपेक्षा तरुण शे." नव्या कोरीव अक्षरांच्या कडा नखाला लागतात, जुन्यांच्या झिजलेल्या असतात. तसंच वरून दिलेला काळा रंग आतल्या कोपऱ्यांत चढत नाही, हेही त्यांनीच मला दाखवलं.

पण कुठल्याही हत्याराला हात लावण्याआधी त्यांचा एक विधी असे. अशा रिव्हॉल्वरच्या सांगाड्यावर, नळीवर आणि गोळ्यांच्या फिरत्या चरखीवर कारखान्याचा नंबर ठोकलेला असतो. तिन्हीकडे एकच नंबर असेल तर जोड अस्सल. हमीदभाई भिंतीवरच्या कॅलेंडरचं त्या दिवसाचं पान फाडायचे, त्याची कोरी बाजू नंबरावर दाबून धरायचे आणि वरून शिसपेन्सिल घासायचे. आकडे पांढरे उठून दिसत. खाली दोन रेघा: एकीवर त्यांची सही, दुसरीवर मालकाची. "नंतर कोणी म्हणू नये का हमीदनं पुर्जा बदलला," असं म्हणायचे. तहसीलदार असो की सख्खा मेव्हणा, सही केल्याशिवाय रिव्हॉल्वरचा एक स्क्रूही सैल होत नसे.

माझे बाबा फौजेत सुभेदार होते. ब्रह्मदेशाच्या आघाडीवरून परत आले ते एक विलायती रिव्हॉल्वर घेऊन. गोरा साहेब मायदेशी जाताना त्यानं स्वतःच्या कमरेचं काढून बाबांच्या हातात दिलं, "जसंच्या तसं", ही गोष्ट आमच्या पहूरमध्ये शेंबड्या पोरालाही पाठ होती. दर सव्वीस जानेवारीला बाबा ते ओट्यावर तेल लावून पुसायचे आणि ती गोष्ट सांगायचे. ज्या गावात आमच्या आज्याला चावडीच्या पायरीवर बसता येत नव्हतं, त्याच गावचा पाटील ती ऐकायला आमच्या ओट्यावर बसायचा. आमच्यासाठी ते हत्यार नव्हतंच, ती बाबांची पत होती.

बाबा गेल्यावर थोरला भाऊ, आम्ही त्याला नाना म्हणतो, परवाना स्वतःच्या नावावर करायच्या खटपटीला लागला. त्याच्या डोक्यात आलं, एकदा पारख करून घ्यावी, अस्सल असल्याचं लिहून घ्यावं. पोलिसांची परवानगी काढून मी ते धुळ्याला नेलं. मी बाबांच्या आठवणी सांगत सुटलो होतो, हमीदभाई मान खाली घालून ऐकत काम करत होते. मध्येच त्यांचा हात थांबला. मी सवयीनं सहीसाठी पेन काढलं, तर म्हणाले, "तुन्ही सही कसाले, भाऊ? तू घरना माणूस शे. फक्त फोननंबर दे." एसटीची वेळ होत आली होती. त्यांनी सरकवलेल्या कुठल्याशा कागदावर मी नंबर खरडला आणि निघालो. हमीदभाईंनी सही नको म्हटलेला मी पहिला माणूस, या आनंदात जळगाव कधी आलं कळलं नाही.

तीन दिवसांनी नाना आणि मी गेलो. हमीदभाईंनी रिव्हॉल्वर फडक्यावर ठेवलं आणि खालच्या आवाजात सांगितलं, "नळी आनि सांगाडा एकना शे. चरखी दुसरानी शे."

नाना उठून उभा राहिला. "म्हणजे आमचा बाप खोटं बोलला?"

हमीदभाई सांगू लागले की फौजेत चार-चार रिव्हॉल्वरं एकदम धुवायला काढतात, चरख्यांची अदलाबदल होते, साहेबालाही पत्ता नसतो. मला ती सारवासारव वाटली. मी विचारलं, "हमीदभाई, या तीन दिवसांत असलं आणखी एखादं दुकानात आलं होतं का?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रिव्हॉल्वर फडक्यात गुंडाळलं. "नही," एवढंच म्हणाले.

परतीच्या एसटीत नाना म्हणाला, "चरखी यानंच बदलली." मी नाही म्हणालो नाही. तो मधेच थांबलेला हात, सही नको म्हणणं... सगळं आता मला वेगळंच दिसू लागलं. त्यांनी त्या दिवशी नंबरांचे ठसे घेतले होते का, हे आठवेना. सही नाही म्हणजे ठसेही नाहीत, असं माझ्या जकातीच्या डोक्यानं ठरवून टाकलं. त्यानंतर एकदा ते पेटी घेऊन नाक्यावर आले. मी प्रत्येक स्प्रिंग काढून पाहिली. त्यांनी यादी पुढे केली, "सही करा, साहेब." पुन्हा भाऊवरून मी साहेब झालो होतो.

गेल्या महिन्यात समाचाराला धुळ्याला गेलो तेव्हा युसूफनं दुकानातल्या जुन्या गठ्ठ्यातून कॅलेंडरचं एक पान काढून माझ्यापुढे ठेवलं. वर तीन ठसे. दोन सारखे, तिसरा वेगळा. खाली हमीदभाईंची सही, दुसरी रेघ रिकामी. लाज वाटते लिहायला, पण पहिला विचार मनात आला तो हाच, की हे मागाहूनही करता येतं. मी पान उलटून तारीख पाहिली, मग उजेडात धरलं. कोपऱ्यात माझ्या अक्षरात माझा फोननंबर होता, आणि त्यातले दोन आकडे पेन्सिलीच्या शिशावरून गेले होते. शिशावर शाई धरत नाही, तशी ती तुटक उठली होती. म्हणजे मी नंबर खरडला तेव्हा ठसे घेऊन झाले होते. माझ्या हाताखाली होते ते. मी पाहिले नव्हते.

"हा कागद दाखवला का नाही त्यांनी?" मी विचारलं.

"मी म्हटलं होतं एकदा," युसूफ म्हणाला. "तर अब्बा म्हणाले, मंग तो आळ त्यासना बापवर जाई."

नाना दोन वर्षांपूर्वी गेला, हमीदभाईंना चोर समजतच गेला. बाबांचा शब्द त्याच्यापुरता शाबूत राहिला. तो कुणी राखला, हे त्याला कधीच कळलं नाही.

युसूफ म्हणाला, "न्या चाचा, तुमचाच आहे." मी नको म्हटलं. कागद त्या दुकानातल्या गठ्ठ्यातच राहायला हवा होता, इतर सगळ्यांच्या सह्यांबरोबर. मी त्याच्याकडून पेन घेतलं आणि रिकाम्या रेघेवर सही केली. तारीख घातली नाही. ती मागच्या बाजूला छापलेली होती.