अण्णांचा खांब

देशाची फाळणी होते की काय, या काळजीने सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात पुढाऱ्यांची झोप उडाली असेल-नसेल, आमच्या आत्याच्या यजमानांची मात्र पार उडाली होती. निपाणीत सगळे त्यांना अण्णा म्हणत. मी त्यांच्याच तंबाखूच्या वखारीत कारकून होतो. पाऊस नाही आला तर त्यांना पिकाची काळजी, आला तर वखारीतल्या मालाची. भावाभावांच्या वाटणीत पंच म्हणून त्यांना पार बोरगावहून बोलावणे येई. ते आधी वाटणी मोडायलाच बघत. नाहीच जमले तर थोरल्याने वाटे पाडायचे, धाकट्याने आधी उचलायचे, हा रिवाज पाळायला लावत आणि त्या दिवशी त्यांना जेवण जात नसे. "जमीन वाटाय येती रं," मला म्हणत, "हिरीचं पाणी कसं वाटायचं? आन् देशाच्या वाटणीत तर पंचच परका, गोरा सायब, त्योबी गावाला निघालेला."

खरा घोर घरातच होता. अण्णा आणि त्यांचे धाकटे भाऊ आप्पा एका बैलाच्या सौद्यावरून कैक वर्षे एकमेकांशी बोलत नव्हते. पण चूल एकच. सांगायचे ते दोघेही सोप्यातल्या खांबाला सांगत. "उद्या चिकोडीला गाडी जायाची हाय," असे अण्णा खांबाला म्हणत आणि सकाळी आप्पा गाडी जुंपत. देशच वाटून घेतात म्हटल्यावर आप्पांच्याही डोक्यात वाटणीचे खूळ शिरेल, या धास्तीने अण्णा वर्तमानपत्र गादीखाली घालून दिवसभर त्यावर बसत. वखारीत कुणी फाळणीचे नाव काढले की त्यांना खोकल्याची उबळ येई. सगळा बाजार तेच बोलत होता, तेव्हा वर्तमानपत्र लपवून काही उपयोग नव्हता, पण हे त्यांच्या गावीही नव्हते. मला हसू येई आणि कीवही येई.

अखेर फाळणी ठरल्याची बातमी आली. अण्णा कोटही न काढता खांबाला टेकून बसले. आम्हा जैनांच्या घरी दिवस मावळल्यावर जेवण नाही. आत्याने हाका मारल्या, तरी ते उठेनात. मावळतीचे ऊन कौलांवर चढले, तेवढ्यात आप्पा आले. आता हे वाटणी मागणार, असे मला वाटले. अण्णांची तर खात्रीच होती, त्यांनी डोळे मिटून घेतले.

खांबाकडे न बघता आप्पा म्हणाले, "अण्णा, दिवस बुडाय आलाय. ऊठ, जेवून घे."

अण्णांनी डोळे उघडले. पण सवयीने खांबाकडेच तोंड करून ते म्हणाले, "त्यालाबी म्हणावं, संगं बस."

त्या दिवशी दोघे शेजारी बसून जेवले. घर एक राहिले. पण पुढे कितीतरी दिवस अण्णा जेवता जेवता मध्येच थांबत आणि मला विचारत, "दिल्लीत कुणीच कुणाला जेवाय बोलावलं नसंल व्हय रं?"