पाचरबाईचा सांधा

रेल्वे यार्डातल्या कडेच्या लाइनवर पांढरी रेघ पुन्हा तुटली होती.

रेघ तिनेच मारलेली. बारीक ब्रशने पाचरीवर सुरू करून शेजारच्या चापावर नेऊन सोडलेली, श्वास रोखून. पाचर जराशी जरी सरकली तरी रेघेचे दोन तुकडे व्हायचे आणि अबोला धरलेल्या भावंडांसारखे एकमेकांपासून बाजूला राहायचे. आज ते तसेच दिसत होते. तिने पाचरीला हात लावला. नुसत्या हाताने हलत होती.

"काय म्हणतोय सांधा?" मागून मुकादमाने विचारलं.

"तुम्हीच सांगा," ती मागे न वळता म्हणाली.

"आम्हाला कसं कळणार? आम्ही बोल्टवाले. तुमच्या सांध्याशी आमचं बोलणं नाही."

त्याच्याबरोबरची माणसं हसली. मुकादमाला सगळे 'पाना' म्हणत, कारण बोल्ट आवळायचा लांब दांड्याचा पाना त्याच्या हातात कायम असायचा; जेवताना तो मांडीशेजारी ठेवायचा म्हणे. आत्ताही तो पाना खांद्यावर होता. तिने पाचर परत बसवली, जुनी रेघ फडक्याने पुसली आणि नवी मारली. मारताना पाठीत त्याची नजर टोचत राहिली.

ड्रॉइंग ऑफिसात तिला पाचरबाई म्हणत. नाव चिडवायला ठेवलेलं, पण तिने ते अंगावरच्या शालीसारखं वापरायला काढलं. वर्षानुवर्षं ती दुसऱ्यांच्या रेषा स्वच्छ करत आली होती. कल्पना साहेबांची, खालची सही साहेबांची, मधला सगळा कागद तिचा. हा सांधा मात्र पहिल्या रेघेपासून तिचा होता.

रुळाची दोन टोकं जोडायची तर दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या लावतात आणि रुळाला भोकं पाडून बोल्टने आवळतात. रूळ बरेचदा तडकतो तो त्या भोकाच्या कडेपासूनच. आधी केसासारखी चीर येते, मग येणारी-जाणारी चाकं तिला वाढवत नेतात. हे तिला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नव्हतं. तिचे वडील, अप्पा, रेल्वेत चावीवाले होते. हातोडा खांद्यावर टाकून आपल्या वाट्याची लाइन रोज चालायची, सैल झालेलं जे दिसेल ते ठोकून घट्ट करायचं, असं त्यांचं काम. संध्याकाळी घरी आले की हातपाय धुता धुता ते चिरांच्याच गोष्टी सांगायचे. कुठली चीर लबाड होती, कुठली दिसायला भयंकर पण आतून गरीब.

मग भोकच पाडलं नाही तर? इतका साधा प्रश्न डोक्यात यायला तिची निम्मी नोकरी गेली. उत्तर म्हणून तिने एक पोलादी चाप आखला. तो रुळाला आणि पट्ट्यांना खालून कवेत घ्यायचा. चाप आणि पट्टी यांच्यातल्या फटीत पाचरी, एक रुळाच्या आतल्या बाजूला, एक बाहेरच्या, तोंडं विरुद्ध दिशांना. इंजिन इकडून येवो की तिकडून, एक तरी पाचर घट्ट धरून राहणार. पाचरीचा उतार अगदी थोडा ठेवला होता. पहिल्या नजरेला दोन्ही टोकं सारखीच वाटायची. आणि ती दोन्ही टोकं तिने चापाच्या बाहेर येऊ दिली होती, म्हणजे सांधा सोडवायची वेळ आली तर उलट्या बाजूने एक ठोका पुरेल. या सोयीचा तिला मनातून फार अभिमान होता.

कडेच्या लाइनवर असे काही सांधे चाचणीला बसवले होते आणि मोठे साहेब पाहणीला येणार होते. तोवर रेघा शाबूत राहिल्या तर सांधा खऱ्या लाइनवर जाणार, आकृतीखाली तिचं नाव येणार. पाचरी अशाच सुटत राहिल्या तर आकृती कपाटात. त्या कपाटातून बाहेर आलेली एकही आकृती तिने पाहिली नव्हती.

इंजिनाने पाचर सुटत नव्हती, हे तिला पक्कं ठाऊक होतं. दिवसभर जड इंजिन त्या लाइनवरून ये-जा करायचं, ती शेजारी उभी असायची, आणि संध्याकाळी रेघ जशीच्या तशी. तुटलेली दिसायची ती सकाळी. म्हणजे मधल्या वेळात कुणाचा तरी हात लागत होता.

तिने फाटकावरच्या रखवालदाराला गाठलं.

"परकं कुणी फिरकलं नाही, ताई," तो म्हणाला. "इथे चिमणी आली तरी मी विचारतो, कोण गं तू."

परकं नाही, म्हणजे आपल्यातलं. आणि आपल्यातलं म्हणजे कोण, हे ठरवायला तिला फार वेळ लागला नाही. बोल्ट गेले की बोल्ट आवळणारी माणसं काय करणार? पाना तोंडावर म्हणालाच होता, "ताई, तुमचा सांधा बसला की आम्हीही बसलो. घरी." तेव्हा सगळे हसले होते, तीही. आता ते हसू आठवून तिला राग येत होता.

ती साहेबांकडे गेली आणि मुकादमाचं नाव घेतलं.

"बघितलंत का त्याला?"

"नाही. पण दुसरं कुणाचं पोट दुखणार?"

साहेबांनी पेन्सिलीने कान खाजवला. "पुन्हा झालं तर त्याला लांबच्या गँगवर टाकतो. मला पाहणीच्या तोंडावर कटकट नको."

लांबची गँग म्हणजे घर सुटणं, हे तिला माहीत होतं. मुकादमाची म्हातारी आई यार्डाच्या भिंतीलगतच्या खोलीत राहायची. हे आठवून पाचरबाई ऑफिसचा जिना उतरताना मध्येच थांबली. पण परत वर गेली नाही.

संशयाचं एक असतं, त्याला एकदा आत घेतलं की तो दारात उभा राहत नाही, सगळ्या खोल्या हिंडून येतो. मुकादमावर नजर ठेवता ठेवता ती सगळ्यांवरच ठेवायला लागली. ऑफिसात शेजारच्या टेबलावरचा माणूस कागद झाकायचा, तो का झाकतो. रखवालदार आजकाल जास्त अदबीने का बोलतो. आणि मग एका सकाळी, चहाचं आधण ठेवलेलं असताना, तिची नजर खिडकीतून आपल्याच अप्पांवर पडली.

अप्पा दूध आणायला निघाले होते. निवृत्त झाल्यापासून ते काम त्यांनी हट्टाने घेतलं होतं. हातात कापडी पिशवी. जाताना ती रिकामी असायला हवी, वाऱ्याने पायात घुटमळायला हवी. ती घुटमळत नव्हती. खाली ओढ बसल्यासारखी सरळ लोंबत होती.

"आई, अप्पांच्या पिशवीत काय असतं?"

"दूध."

"जाताना?"

आईने चहात साखर टाकली. ती एकदा टाकून झाली होती. "जाताना काय असणार? हवा. तुला काय ऑफिस नाही का आज?"

"एवढा उशीर का लागतो त्यांना? डेअरी तर कोपऱ्यावर आहे."

"म्हातारा माणूस आहे, भेटतात चार जण. घरात पण ड्रॉइंग ऑफिस उघडणार आहेस का तू?"

तिने विषय सोडला, पण डोकं सोडेना. अप्पांना हा सांधा कधीच पसंत नव्हता. "बोल्ट नाही म्हणजे सदऱ्याला गुंडी नाही," असं ते चारचौघांत म्हणाले होते. तिने आकृतीचा पहिला स्वच्छ कागद कौतुकाने त्यांच्यापुढे ठेवला, तेव्हा त्यांनी तो हातात घेतला, जरा लांब धरला, जरा जवळ धरला, "छान आखलंयस," म्हणाले आणि त्यावर चहाचा कप ठेवला. कपाचं तपकिरी कडं अजून त्या कागदावर होतं. बाप असून असं करावं? जन्मभर हातोड्याने जे केलं ते मुलगी कागदावर मोडीत काढते, हे त्यांना खुपत असेल का? तिने हा विचार झटकला. तो चापातल्या पाचरीसारखा आणखी आत गेला.

पाहणीच्या आदल्या दिवशी ती उजाडायच्या आत घराबाहेर पडली. यार्डात धुकं नव्हतं, पण उजेडही धड नव्हता. रुळांखालून काढलेल्या जुन्या लाकडी स्लीपरांच्या चळतीमागे ती वळली आणि दचकून थांबली. तिथे आधीच कुणीतरी उकिडवं बसलं होतं. मांडीशेजारी पाना होता.

"या," मुकादम हळू आवाजात म्हणाला. "सापडलात शेवटी."

"मी? सापडलात तर तुम्ही."

"मी चोर पकडायला बसलोय. माझं नाव साहेबांच्या कानावर घातलंय कुणीतरी. मला वाटलं, बाई स्वतःच सैल करतात आणि आमच्यावर ढकलतात. सांध्यात दम नसेल तर दुसरं काय करणार माणूस?"

"तोंड सांभाळा."

"सांभाळलंय म्हणूनच हळू बोलतोय. बसा खाली, दिसताय."

ती बसली. दोघंही रुळांपेक्षा एकमेकांच्याच हातांकडे जास्त बघत होते. थोड्या वेळाने फाटकाकडून पावलं आली, आणि रखवालदाराचा आवाज, "या अप्पा, आज लवकर?" परकं कुणी नाही, असं तो म्हणाला होता. खरं तेच म्हणाला होता.

अप्पांनी पिशवीतून हातोडा काढला. आखूड दांड्याचा, पण डोकं तेच, वजनदार. मग ते लाइनीत उतरले आणि चालू लागले. चालताना प्रत्येक पाऊल टाकण्याआधी बुटाच्या टोकाने स्लीपर चाचपत होते. सांध्याशी आले की वाकायचे, डाव्या हाताने पाचर शोधायचे, आणि चालण्याच्याच दिशेने एक ठोका द्यायचे. कान कलता करून आवाज ऐकायचे. मग पलीकडची पाचर शोधून तिलाही तसाच, त्याच दिशेने ठोका. पहिला आवाज बंद, भरीव यायचा. दुसरा पोकळ. पोकळ आला की मान हलवायचे आणि आणखी एक ठोका द्यायचे.

मुकादम उठायला गेला. तिने त्याची बाही धरली.

"अहो, हे अप्पा सोडवतायत पाचर," तो म्हणाला.

"एकच सोडवतायत," ती म्हणाली. "दुसरी घट्ट करतायत."

इतके दिवस ती फक्त सुटलेल्या पाचरींकडे बघत आली होती. घट्ट झालेल्या पाचरीवरही रेघ तुटलेली असायची, पण पाचर घट्टच आहे म्हणून तिने तिकडे लक्ष दिलं नव्हतं. घट्ट झालेल्या गोष्टीवर कोण संशय घेतं? वाईट करायला आलेला माणूस सगळ्याच पाचरी सोडवून गेला असता. हा माणूस घट्ट करायला आला होता. सगळी हयात चालत्या दिशेने ठोकलं होतं, सैल वाटलं की आणखी ठोकलं होतं. आणि कुठल्या पाचरीचं जाड टोक कुठे, हे त्याला दिसत नव्हतं.

लांब धरलेला कागद, जवळ धरलेला कागद, त्यावर ठेवलेला कप. दोनदा पडलेली साखर.

"मास्तरांना दिसत नाही की काय?" मुकादमाने विचारलं. त्याला काम अप्पांनीच शिकवलं होतं. आवाजातला टोमणा गेला होता, नेमका आत्ता, जेव्हा तो तिला चालला असता.

"साहेबांना काय सांगणार?" मग त्याने विचारलं. "माझी बदली व्हायची की तुमच्या वडलांवर केस?"

अप्पा शेवटचा सांधा ठोकून, हातोडा पिशवीत टाकून, खूश दिसत दुधाच्या वाटेला लागले होते.

पाचरी परत बसवून रेघा मारायला सकाळ पुरली असती. ब्रश तिच्या पिशवीत होता, आणि मुकादम गप्प राहिला असता असं आता तिला वाटत होतं. पण पाहणीच्या दिवशी मोठे साहेब वाकले तेव्हा रेघा तुटलेल्याच होत्या.

"हे काय?"

"आकृतीतली चूक," ती म्हणाली. "दोन्ही टोकं बाहेर ठेवली मी. हातोडा घेऊन चालणारा कुणीही माणूस सवयीने समोरचं टोक ठोकणार. एक पाचर बसेल, एक सुटेल. लाइनवर अशी माणसं रोज चालतात."

"इथे कुणी ठोकलं पण?"

"ज्याने ठोकलं त्याने घट्ट करायलाच ठोकलं. मुकादमाचा त्यात हात नाही. त्याचं नाव मी घेतलं होतं, ते मी परत घेते."

मोठ्या साहेबांनी तिच्याकडे, मग मुकादमाकडे पाहिलं. या दोघांचं काहीतरी आपसात ठरलंय, असा संशय त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होता. मुकादम पान्याच्या दांड्यावरची धूळ पुसत राहिला.

"नवी आकृती करा," ते शेवटी म्हणाले. "मग बघू." नावाचं काही बोलले नाहीत.

वाटेत मुकादम म्हणाला, "आकृती सुधारलीत तर आम्ही घरी बसणारच ना?"

"गाडी इकडून येते, तिकडून येते. पाचरी बघायला माणूस लागणारच."

"असं तुम्ही म्हणता," तो म्हणाला. विश्वास त्याने ठेवला नाही, आणि ठेवावा असं तिलाही वाटलं नाही.

नवी पाचर तिने आधी लाकडात करून घेतली. बारीक टोक चापाच्या आत लपलेलं, बाहेर फक्त जाड डोकं. ती घरी आणून जेवणाच्या टेबलावर अप्पांच्या हाताशी ठेवली. आईने आमटीचं पातेलं उगाचच पुसलं.

अप्पांनी ती बोटांनी वाचली. एकदा इकडून, एकदा तिकडून.

"ह्याला मारायचं कुठून?"

"एकाच बाजूने, अप्पा. दुसरी बाजू सापडणारच नाही."

त्यांची बोटं लपलेल्या टोकावर थांबली.

"आधीची दोन्हीकडून सापडायची," ते म्हणाले.

"हो."

"मग मी..." त्यांनी वाक्य सोडून दिलं आणि लाकडाचा तुकडा तिच्याकडे सरकवला. "ही बरी आहे. ही कुणालाही जमेल." मग ताटाकडे बघत म्हणाले, "उद्यापासून दूध तू आणशील का? मला अलीकडे पायरीचा अंदाज येत नाही."

"डॉक्टरकडे जाऊ या आपण."

"जाऊ. आईला सांगू नकोस."

"मला सगळं माहीत आहे," आई म्हणाली. "जेवा आता."

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला निघताना तिने खुंटीवरची पिशवी काढली. काढताना तिचा हात नकळत वर-खाली झाला, वजन बघायला. पिशवी हलकी होती. स्वयंपाकघराच्या दारात अप्पा उभे होते, त्यांचा चेहरा पिशवीच्या जरा बाजूला वळलेला.

"रिकामी आहे," ते म्हणाले.