दुसऱ्याच्या स्लॅबवरचं जेवण

वर्ध्याच्या सेलू तालुक्यात घर बांधायला काढलं की ठेकेदाराला पैसे एकदम मिळत नाहीत. बोलणी पक्की झाली की बयाणा, जोतं झालं की एक हप्ता, भिंती छज्ज्यापर्यंत आल्या की दुसरा, मग स्लॅबचा आणि शेवटी प्लास्टरचा. यात सगळ्यात मोठा हप्ता स्लॅबचा. तो कधी द्यायचा हे कुठे लिहिलेलं नसतं, पण सगळ्यांना ठाऊक असतं: सेंट्रिंग लागली की. खोलीत लाकडी बल्ल्या उभ्या राहिल्या, त्यांवर लोखंडी प्लेटा बसल्या, म्हणजे आता छत येणार. घरमालक बँकेत जातो आणि पैसे काढून आणतो.

प्रेमदास येळणे १९९३ पर्यंत मिस्त्री होते, त्यानंतर ठेकेदार झाले. काम चोख होतं. भिंत ओळंब्यात, कोपरे काटकोनात, पाणी कुठे तुंबणार नाही. हिशेबात मात्र त्यांना एक वाईट गोष्ट लवकर उमगली. सेंट्रिंगचा एक संच त्यांच्या घरचाच होता. तो लावायला दोन दिवस आणि चार माणसं पुरत. सळाख आणि सिमेंट विकत घ्यायच्या आधीच सेंट्रिंग उभी केली, तरी मालक पैसे देत. मग ते पैसे कुठेही वापरता येत.

ते वापरू लागले. हिंगणीच्या एका मास्तरांचं घर त्यांनी कमी भावात घेतलं होतं, त्याचं प्लास्टर अडलं. ते सेलूच्या बबनरावांच्या स्लॅबच्या पैशातून झालं. बबनराव कापडाचे दुकानदार, नऊशे फुटांचं घर. त्यांच्या घरी भाड्याची सेंट्रिंग लागून महिना झाला, तरी सळाख येईना. बबनराव रोज संध्याकाळी साइटवर येऊन उभे राहत.

"काय रे प्रेमदास, या बल्ल्यांले पालवी फुटाची वाट पाहून राह्यला का?"

मजूर हसत. प्रेमदासही हसत. पण बबनरावांचा गोतावळा मोठा होता, त्यांच्या दुकानात बसून कोणी जे बोललं ते संध्याकाळपर्यंत अख्ख्या सेलूत पोचे. पुढची चार कामं तिथूनच यायची होती.

त्याच सुमारास, १९९९ च्या मार्चमध्ये, सावंगीला प्रमिलाबाईंचं काम सुरू होतं. प्रमिलाबाई दवाखान्यात आया होत्या. नवरा वारला होता, मुलगी हर्षा कॉलेजात होती. पाचशे फुटांचं घर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. भाड्याची खोली मे अखेर सोडायची होती. घरमालकाच्या मुलाचं लग्न होतं आणि त्याला ती खोली हवी होती. हे त्यांनी बयाणा देतानाच सांगितलं होतं.

"बाकी कसंबी करा भाऊ, पन मे महिन्यात डोक्यावर छत पाह्यजे."

"बाई, एप्रिलमंधीच टाकून देतो," प्रेमदास म्हणाले होते.

एप्रिलच्या सुरुवातीला त्यांनी प्रमिलाबाईंकडे सेंट्रिंग लावली. दुसऱ्याच दिवशी बाईंनी चाळीस हजार रुपये आणून दिले. स्लॅब कधी, असं विचारलं. "येत्या रविवारी," प्रेमदास म्हणाले. गुरुवारी ते पैसे त्यांनी वर्ध्याच्या लोखंडवाल्याला दिले. सळाख उतरली ती सेलूला, बबनरावांच्या दारात.

असं का केलं, याचं उत्तर प्रेमदास आडवळणानं देत नाहीत. दोघांपैकी एकालाच स्लॅब देता येत होता. त्यांनी कोणाची गरज मोठी हे पाहिलं नाही. कोण गप्प बसेल, एवढंच पाहिलं.

रविवारी काम होणार नाही, हा निरोप त्यांनी सावंगीला दिला नाही. सांगायला जायचं शुक्रवारी राहिलं, शनिवारीही राहिलं. सिमेंट आलेलं दिसलं नाही की बाईंना आपोआप कळेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. पण स्लॅबचं सिमेंट त्याच दिवशी सकाळी उतरतं, हे त्यांनाही माहीत होतं. प्रमिलाबाईंना कळण्याचा काही मार्ग नव्हता.

या भागात स्लॅबच्या दिवशी मजुरांना जेवण घरमालकाकडून असतं. सकाळी सेंट्रिंगच्या कोपऱ्यावर नारळ फुटतो, दुपारी पंगत बसते. गरीब मालकही यात कसर करत नाही. प्रमिलाबाईंनी पहाटेपासून प्लॉटवरच चूल मांडली. तीस माणसांचा वरण-भात, आलू-वांग्याची भाजी, पोळ्या. बुंदी आदल्या दिवशीच पाडून ठेवली होती. नऊ वाजले, दहा वाजले, कोणी आलं नाही. अकराला त्या चौकातल्या टेलिफोन बूथवर गेल्या आणि प्रेमदासांच्या घरी फोन लावला. फोन त्यांच्या बायकोनं उचलला.

"ते त सकायीच सेलूले गेले. बबनरावायचा स्लॅब हाये नं आज."

तिला आत काय शिजलंय हे माहीत नव्हतं. तिनं जे होतं ते सांगितलं.

दीडच्या सुमारास बबनरावांच्या घरासमोर एक टेम्पो येऊन थांबला. अर्धा स्लॅब झाला होता. मिक्सर फिरत होता, घमेली हातोहात वर जात होती. स्लॅब एकदा सुरू केला की मधे थांबवता येत नाही, नाहीतर सांध्यातून पाणी गळतं. म्हणून प्रेमदासांना वरून हलता आलं नाही. टेम्पोतून हर्षा उतरली, मग प्रमिलाबाई, मग झाकलेली पातेली.

बबनरावांना वाटलं, ही ठेकेदाराचीच व्यवस्था. त्यांनी स्वतः मजुरांसाठी चहा आणि चिवडा सांगितला होता, जेवण रात्री देऊ म्हणाले होते.

"वा प्रेमदास, तू त जेवनाचाबी ठेका घेतला. आधी सांगतं त चिवडा वाचला असता."

मजूर निम्मे-निम्मे करून खाली आले. हे सगळे हिंगणीकडचे गोंड मजूर. त्यांचा मुकादम जंगू. त्यानंच सावंगीला सेंट्रिंग लावली होती, त्यामुळे तो बाईंना ओळखत होता. पत्रावळीवर भात पडल्यावर तो हात आखडून बसला.

"बाई, हे त तुमच्या स्लॅबचं जेवन हाये नं?"

"स्लॅबचंच हाये. हाबी स्लॅबच हाये नं? खा. एवढं अन्न शियं काऊन करावं?"

मग त्यांनी वर पाहिलं.

"भाऊ, तुमीबी या. सकायपासून उपाशी असान."

प्रेमदास खाली आले. नाही म्हणायला काही कारण हाताशी नव्हतं. मजुरांच्या ओळीत शेवटी बसले. प्रमिलाबाईंनी त्यांना वाढलं, इतरांना वाढलं तसंच, बुंदीसकट. वाढता वाढता त्यांनी विचारलं, "केवढा हाये हा?"

"नऊशे फूट."

"माहा त पाचशेचाच होता. मंग उरलेला कोनाचा?"

बबनरावांच्या चेहऱ्यावरचं हसू तेव्हा गेलं. ते दुकानाकडे निघून गेले. जंगू खालमानेनं जेवत राहिला. पातेली रिकामी झाल्यावर मायलेकींनी ती टेम्पोत ठेवली आणि त्या गेल्या. पैशाचा विषय प्रमिलाबाईंनी तेव्हा काढला नाही, नंतरही काढला नाही. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं प्रेमदास म्हणतात. ओरडणाऱ्या माणसाशी कसं बोलायचं हे त्यांना येत होतं.

त्यानंतर ते सावंगीचा रस्ता टाळू लागले. वर्ध्याला जायचं तर लांबून जात. एप्रिल गेला, मे गेला. मजूर त्यांच्याशी पूर्वीसारखेच वागत, पण स्लॅबच्या दिवशी जेवायला बसले की त्यांच्यातलं कोणीतरी विचारी, "आज कोनाचं हाये?" आणि बाकीचे हसू दाबत. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी मिक्सर विकला. वर्षभरापूर्वीच घेतला होता. त्या पैशातून सावंगीची सळाख आणि सिमेंट घेतलं.

जंगूला घेऊन ते प्लॉटवर गेले. बल्ल्या उन्हानं आकसून ढिल्या पडल्या होत्या, प्लेटा सरकल्या होत्या, सगळं नव्यानं बसवावं लागणार होतं. पण आत जाता येईना. दोन बल्ल्यांमध्ये साडी बांधून पडदा केला होता. एका बल्लीला हर्षाच्या पुस्तकांची पिशवी टांगलेली. स्टोव्ह, खाट, देवाचा फोटो, सगळं प्लेटांच्या खाली. वर ताडपत्री. भाड्याची खोली सुटली होती, आणि मायलेकी सेंट्रिंगखाली राहायला आल्या होत्या.

प्रेमदास बाहेरच उभे राहिले. जंगूनंच आवाज दिला, "बाई, सामान काढा लागते. परवा स्लॅब हाये."

"खरंच हाये?" प्रमिलाबाईंनी जंगूलाच विचारलं.

"आता सिमेंट एक दिस आधी, उद्याच उतरते. उतरलं की पाह्यजा."

स्लॅबच्या सकाळी प्रमिलाबाईंनी नारळ प्रेमदासांच्या हातात दिला. "फोडा. जेवन मंग. झाल्यावर." दुपारची पंगत त्या दिवशी बसली नाही. भाड्याच्या मिक्सरवर काम चाललं आणि चारच्या सुमारास शेवटचं घमेलं वर गेलं. मग शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर पत्रावळी मांडल्या.

पुढे प्रेमदासांनी स्लॅबचा हप्ता हातात घेणं बंद केलं. सळाख आणि सिमेंट मालकानं स्वतः आणायचं, यांनी फक्त मजुरी घ्यायची. यात सुटतं कमी, आणि इतर ठेकेदार त्यांना मिस्त्रीच म्हणतात. मिक्सर त्यांनी परत घेतला नाही.

सावंगीच्या स्लॅबच्या पंगतीतही ते ओळीत शेवटी बसले होते. भात कालवला, पण घास उचलेना. प्रमिलाबाई वाढत वाढत त्यांच्यापर्यंत आल्या आणि थांबल्या.

"खा भाऊ. हा त माहाच हाये."

त्यांनी खाल्लं. बुंदी नव्हती, एवढं त्यांना आठवतं.