नावाचा रकाना

आमच्या टीचर चोराच्या आवाजात फार सुंदर बोलायच्या. स्टार्चची सुती साडी, गळ्यात चष्म्याची साखळी, वय बासष्ट, आणि घसा खाकरून एकदम दरडावायच्या, "ए, साहेबांच्या ऑफिसातून बोलतोय! पासवर्ड सांग पटकन, गाडीत बसलेत साहेब!" दुधाचं बिल विचारायला आलेला एखादा शेतकरी दारातच थबकायचा. मग टीचर चष्मा वर करून त्याला म्हणायच्या, "या, या, बसा. तुम्हाला नाही म्हटलं." आणि माझ्याकडे वळून विचारायच्या, "काय रे, घाबरलास का? नसलास तर पुन्हा लिहू."

त्या मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. आमच्या दूध संघातले निम्मे लोक त्यांच्या हाताखालून गेलेले, त्यामुळे चेअरमनपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना टीचरच म्हणायचे. मी त्याच संघाचा कॉम्प्युटरवाला. गावोगावच्या संकलन केंद्रांवर कॉम्प्युटर बसले, तसं वरून फर्मान आलं की वर्षातून एकदा सायबर चोरीचा सराव घ्यायचा. म्हणजे आपणच खोटे मेसेज पाठवायचे आणि कोण फसतं ते बघायचं. पुण्याहून एक तयार एक्सेल शीट आली. एका ओळीत एक मेसेज. किती वाजता, कोणाकडून, कोणाला, काय लिहायचं, समोरच्यानं काय करायला हवं, असे रकाने. ती आपल्याकडच्या माणसांना लागू पडेल अशी करायचं काम माझं. माझं मराठी बघून जुन्या मॅनेजरांनी आठच दिवसांत टीचरना कंत्राटावर बोलावून घेतलं.

पहिल्याच दिवशी त्यांनी पहिली ओळ मोठ्यानं वाचली. "प्रिय मूल्यवान सहकारी, आपल्या प्रवेशाधिकाराची तातडीने पडताळणी करावी." चष्मा उतरवला. मग म्हणाल्या, "असा चोर नगर जिल्ह्यात उपाशी मरेल रे." आणि सगळी शीट नव्यानं लिहायला घेतली.

त्यांची पद्धत बघून मी सुरुवातीला हैराण व्हायचो. माऊसला त्या हात लावत नसत. पर्समधून शाळेतली लाकडी फूटपट्टी काढायच्या, ती थेट स्क्रीनवर आडवी ठेवायच्या आणि ओळ वाचायच्या. "टीचर, चरे पडतील," मी म्हणायचो. "पडू दे. ओळ तर चुकणार नाही." मी मनातल्या मनात कपाळावर हात मारून घ्यायचो.

पण एकदा त्या पट्टीनंच माझी अब्रू वाचवली. सराव दोन दिवसांवर आला होता. ओळी वेळेप्रमाणे लावायला मी बटण दाबलं, आणि घाईत फक्त वेळेचा रकाना निवडून दाबलं. वेळा सरकल्या, बाकी सगळं जागच्या जागी. मला पत्ताच नाही. त्यानंतर आणखी दोन रकान्यांवर तसाच पराक्रम केला. टीचरनी पट्टी ठेवली आणि त्यांना हसू आवरेना. "अरे संदीप, वासराच्या लशीची चौकशी चोर कॅशियरकडे करतोय! आणि गुरांच्या डॉक्टरला म्हणतोय, तिजोरीची किल्ली कुठंय!" मी ओशाळलो. त्या पट्टी आपटत म्हणाल्या, "एक ओळ म्हणजे एक माणूस, बाबा. तू एकाचं डोकं दुसऱ्याच्या धडावर बसवलंस." तेव्हापासून बटण दाबायच्या आधी मी सगळी शीट निवडतो, आणि तरीही दोनदा बघतो.

वेळेच्या रकान्याबद्दल तर त्या फारच खोडसाळ होत्या. पुण्याच्या शीटमध्ये सगळे मेसेज दुपारी तीनला. "तीनला शेवगावचं केंद्र झोपलेलं असतं. झोपलेल्याला कोण फसवणार?" त्या केंद्रांवर फोन करून इकडचं तिकडचं बोलायच्या, कोणाच्या दारात कधी कॅनची रांग लागते ते काढून घ्यायच्या आणि बरोबर त्या मिनिटाला मेसेज टाकायच्या. "चोर शहाणा असेल तर घाईतच येईल ना!" एवढी दुष्ट बुद्धी, आणि नाताळात त्याच केंद्रांना करंज्यांचे डबे पाठवायच्या.

एकच रकाना त्यांनी पहिल्या दिवशी जो उडवला तो कायमचा. शीटच्या शेवटी होता, 'फसलेल्याचे नाव'. "पस्तीस वर्षं शिकवलं, पण कोण नापास झालं ते फळ्यावर नाही लिहिलं मी," त्या म्हणाल्या. त्या जागी त्यांनी लिहिलं, 'काय शिकवायचं राहिलं'. जुने मॅनेजर हसून हो म्हणाले. पण ते गेले, आणि नवे साहेब आले. त्यांनी नावाचा रकाना परत आणला, वर पिवळा रंगही दिला. "संचालकांपुढे नावं गेली पाहिजेत. त्याशिवाय लोक सुधारत नाहीत." ज्याचं नाव जाईल त्याचं कंत्राट पुढं चालू राहणार नाही, हेही त्यांनी स्पष्टच सांगितलं.

त्या वर्षी टीचरनी चौदावी ओळ लिहिली होती, काष्टीच्या केंद्राला. 'मोठ्या साहेबांच्या ऑफिसातून. केंद्राच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड आज दुपारच्या आत कळवा. केंद्र बंद ठेवायची वेळ आणू नका.' मेसेज अनोळखी नंबरवरून गेला. बाकीच्या केंद्रांवरचे कोणी फसले नाहीत, काहींनी उलट शिव्याच दिल्या. काष्टीकडून मात्र काहीच उत्तर नाही.

साडेअकराला काष्टीचे भानुदास नाना स्वतः दारात उभे. पन्नाशी उलटलेले, डोक्यापासून पायापर्यंत धुळीनं माखलेले. साठेक किलोमीटर मोटरसायकल हाणत आले होते. साहेबांच्या केबिनमध्ये टीचर आणि मी शीट उघडून बसलो होतो, तिथं येऊन म्हणाले, "आदी दार लावा, साहेब." मी दार लावलं. नानांनी बंडीच्या आतल्या खिशातून चार घड्या घातलेला कागद काढून टेबलावर ठेवला. "पासवर्ड हाय. फोनवर कुनालाबी सांगू नगा म्हनून टीचरनी शिकवलं हुतं. म्हनून समक्ष आनला."

मला हसावं की रडावं कळेना. शीटमध्ये होतं 'पासवर्ड दिला का?' आणि खाली दोनच पर्याय, हो किंवा नाही. समक्ष आणून दिला, असा पर्याय पुण्याच्या माणसाला कुठून सुचणार?

नानांना बाहेर चहाला बसवलं. साहेब मला म्हणाले, "हो करा. नाव लिहा."

टीचर म्हणाल्या, "फोनवर मागितला होता. फोनवर त्यानं दिला नाही."

"पण दिला ना?"

"तुमच्या हातात दिला. तुम्ही चोर आहात का?"

साहेब लालबुंद झाले. "टीचर, एक तरी नाव लागेल मला. नाहीतर सराव घेतला कशाला, असं विचारतील वर." आणि माझ्याकडे बघून, "तुम्हाला काय वाटतं हो?"

मला टीचरचं शंभर टक्के पटलं होतं. पण माझंही कंत्राटच होतं. मी कीबोर्डकडे बघत बसलो. एक शब्द बोललो नाही. आजही ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

टीचरनी कीबोर्ड माझ्यासमोरून ओढून घेतला. एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, चौदाव्या ओळीत पिवळ्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं. शेजारी कारण लिहिलं, 'फोनवर सांगू नका एवढंच मी शिकवलं. मागणारा खरा आहे का हे आधी विचारून घ्या, हे शिकवायचं माझ्याकडून राहिलं.' मग पट्टी ठेवून ओळ पुन्हा वाचली आणि म्हणाल्या, "घ्या. मिळालं नाव."

तिथून उठून त्या व्हरांड्यात नानांशेजारी जाऊन बसल्या. "नाना, असा मेसेज आला की आधी आपल्याकडच्या नंबरवर फोन लावायचा. विचारायचं, तुम्हीच मागितला का?"

"व्हय. आन् त्येंनी व्हय म्हटलं की मग गाडी काढायची?"

"मग पण नाही काढायची, नाना. साहेबाला सुद्धा द्यायचा नाही."

"साहेबाला सुदिक न्हाई?" नानांना हे लई भारी वाटलं. खुशीत परत गेले. आत काय घडलं ते त्यांना कोणी सांगितलं नाही, टीचरनी तर नाहीच. ते अजून काष्टीच्या केंद्रावर आहेत.

टीचरचं कंत्राट मात्र महिनाअखेर संपलं ते संपलंच. शेवटच्या दिवशी मी त्यांना स्कूटरवरून केडगावला घरी सोडायला गेलो. फाटकापाशी धीर करून म्हणालो, "टीचर, मी त्या दिवशी बोलायला हवं होतं."

मला वाटलं, जाऊ दे रे, म्हणतील. "हो," त्या म्हणाल्या, "हवं होतं." आणि डब्याची पिशवी घेऊन आत गेल्या. रागावल्या नव्हत्या. पण खोटंही बोलल्या नाहीत. परत येताना स्कूटर चालवायला सुचेना.

यंदा नवी शीट आली. शेवटी पिवळा रकाना होताच. साहेबांनी बैठकीत विचारलं, "काही शंका?" मी उभा राहिलो. म्हणालो, "साहेब, हा रकाना असेल तर मी शीट पाठवणार नाही. लोक फसले तरी लपवतील, मग आपल्याला कळणार काय?" साहेब वैतागून हात झटकत म्हणाले, "काढा बाबा. काढा आणि बसा खाली."

बाहेर येऊन पहिला फोन टीचरना लावला. सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"आवाज कापला का रे?"

"लई कापला, टीचर."

"कापू दे," त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळी थोडा कमी कापेल."