आरतीचा मान

ज्या माणसाचा फोटो पुढे देशोदेशीच्या बातम्यांत झळकला, त्याला मी तीन वर्षं ओळखत होते ती फक्त गणितात कच्च्या असलेल्या एका मुलीचा बाप म्हणून. फाटकावर पहारा असलेल्या दुबईतल्या एका वस्तीत त्यांचा व्हिला होता आणि मी आठवड्यातून दोनदा तिथे शिकवायला जात असे. आम्ही राहतो शारजात. तिथून पोचायला रस्त्याच्या मर्जीप्रमाणे कधी एक तास, कधी दोन. मी शिकवणीचा रीतसर परवाना काढलेली बाई आहे आणि वेळेच्या बाबतीत खडूस आहे. रस्त्यात जेवढी मिनिटं गेली तेवढी शेवटी जास्त शिकवून भरून काढायची, हा माझा नियम. मुलीला तो मुळीच आवडायचा नाही.

पहिल्या दिवशी ती आठ वर्षांची होती. वहीवर नाव घाल म्हटलं तर तिने एक अक्षर लिहिलं, खोडलं आणि भलतंच दुसरं लिहिलं. स्वतःच्या नावात कोण चुकतं? पोरगी धांदरट आहे, हिला आधी एका जागी बसायला शिकवावं लागणार, असं मी ठरवून टाकलं आणि तिच्या आईला तसं ऐकवलंही. आईचं इंग्रजी बेताचंच. ती हसली आणि आत निघून गेली.

बाप पन्नाशीचा, बुटका, पोट सुटलेला, पायात साध्या चपला. आम्ही स्पेनचे, माझा फळांचा व्यापार आहे, असं त्याने सांगितलं होतं. तो कायम घरीच असायचा. व्यापारी माणूस दिवसभर घरी कसा, हा प्रश्न मला पडायला हवा होता, पण दुबईत फोनवर धंदा करणारे पुष्कळ. शिकवणी अर्ध्यावर आली की तो कैरी नाहीतर काकडी चिरून, वर लिंबू पिळून, तिखटमीठ भुरभुरून बशी आमच्यासमोर ठेवायचा. आपल्या शाळेबाहेरच्या गाडीवर मिळायची तश्शीच चव. मला तो माणूस आवडायचा. आज हे लिहायला जड जातं, पण खोटं कशाला लिहू.

तो स्वतःची गोष्ट तुकड्यातुकड्यांनी सांगायचा आणि शब्द अडला की मुलगी इंग्रजीत पुरा करायची. त्याचा बाप लिंबाच्या बागेत मजूर. हा नऊ वर्षांचा असताना लाकडी पेट्या ठोकायला बसला. मोठा झाल्यावर दुसऱ्याचा ट्रक चालवला, मग स्वतःचा घेतला, मग एकाचे चाळीस झाले. एका ट्रकात किती पेट्या बसतात ते तो डोळे मिटून सांगायचा आणि मुलीला म्हणायचा, गणित मला कुणी शिकवलं नाही, तुला शिकवणारी आहे तर नीट शिक. त्या वेळी माझी मान जरा ताठ व्हायची. कष्टातून वर आलेल्या माणसांचं आपल्याकडे भारी कौतुक. घरी येऊन मी माझ्या मुलीला त्याचा दाखला द्यायचे. ती इथेच वाढलेली, युनिव्हर्सिटीत शिकते. ती म्हणायची, “ओके आई, आय गेट इट, लेमन मॅन.”

दुसऱ्या वर्षी एकदा भूगोलाचं पुस्तक उघडं होतं म्हणून मी सहज विचारलं, स्पेनमध्ये तुमचं गाव कुठे? पोरीने दाराकडे पाहिलं, खुर्ची जवळ ओढली आणि हळूच सांगितलं की आम्ही स्पेनचे नाहीच, मेक्सिकोचे. पापा सांगतात स्पेन म्हणायचं. मिस, तुम्ही कुणाला सांगणार नाही ना?

मी नाही म्हटलं आणि मला ते मोठं काही वाटलंही नाही. आखातात प्रत्येकाचं काही ना काही झाकलेलं असतं. कुणी डिग्री झाकतं, कुणी पगार, कुणी भारतातलं पहिलं लग्न. असेल काही व्हिसाची भानगड, आपल्याला काय करायचंय, असं म्हणून मी अपूर्णांक पुढे चालू केले. त्या दिवसापासून मात्र ती माझ्याशी जास्त मोकळी झाली. उत्तर चुकलं तर रडायची थांबली. नको तेव्हा हसायला लागली.

त्या घरात फोटो काढायची पद्धत नव्हती. मुलीच्या वाढदिवसाला मोबाइल वर झाले की तो स्वयंपाकघरात सटकायचा, नाहीतर तळहात तोंडापुढे धरायचा. लाजतो, असं बायको सांगायची. आमच्याकडे नेमकं उलट. आमच्या मराठी मंडळात ताटात काय वाढलं याचासुद्धा फोटो आधी आणि घास नंतर.

आमच्या घरी दीड दिवसाचा गणपती असतो. शारजातला दोन खोल्यांचा फ्लॅट, टाळ हळू वाजवायचे, विसर्जन बादलीत. पण माणसं भरपूर येतात. तिसऱ्या वर्षी त्या मुलीने आईबापाकडे हट्टच धरला की मिसच्या घरचा एलिफंट गॉड बघायचाय. आणि ते आले. त्याने आधी विचारून घेतलं होतं की काय आणू. मी सांगितलं, फुलं आणा, बाटली आणू नका, एकतर गणपती आणि त्यातून शारजा, इथे दारूला बंदी. तो खूप हसला होता.

आरतीच्या वेळी तो सगळ्यांच्या मागे, दाराशी उभा राहिला. आमच्या घरची रीत अशी की पहिल्यांदा आलेल्या पाहुण्याच्या हाती आरतीचं ताट द्यायचं. मी ताट घेऊन त्याच्यापुढे गेले. “नो, नो, मॅडम,” तो मागे सरकला. पण मी मास्तरीण, नकार ऐकायची सवय नाही. त्याचा हात धरून त्याला पुढे आणला, मूर्तीसमोर उभा केला आणि ताट हातात दिलं. पितळेचं जड ताट, त्यात पेटलेलं निरांजन. ते दोन्ही हातांनीच धरावं लागतं आणि आरती संपेपर्यंत खाली ठेवता येत नाही. एरवी तोंडापुढे येणारे हात असे अडकलेले होते. त्याने मान खाली घातली. शेवटी शेवटी एकदाच वर पाहिलं, तेवढ्यात मी तीन फोटो काढले. डोळ्यांत पाणी दिसलं. मला वाटलं, भक्तिभाव.

मंडळाची घरगुती आरास स्पर्धा असते. फोटो फेसबुकवर टाकायचे, ज्याला जास्त लाइक त्याचा नंबर. आमची आरास यथातथाच होती. कागदाची कमळं, तीही मागच्या वर्षीची. मी तो ताटाचा फोटो टाकला आणि वर लिहिलं की यंदा आमच्या बाप्पाची आरती मेक्सिकोच्या पाहुण्यांनी केली. स्पेन लिहिलं असतं तरी चाललं असतं. मेक्सिको जास्त लांबचं वाटतं म्हणून मेक्सिको लिहिलं, याहून मोठं कारण त्यामागे नव्हतं. मराठीत लिहिलेलं कोण वाचणार आहे, असंही मनात असेल. मी त्या पोरीला दिलेला शब्द मला त्या क्षणी आठवला का, असं मी स्वतःला शंभरदा विचारलंय. आठवला होता. पण लाइक येत होते.

आमचा पहिला नंबर आला. तो फोटो कुणीतरी पुढे पाठवला, पुढच्याने आणखी पुढे, आणि आठवड्याभरात महाराष्ट्रातल्या एका बातम्यांच्या वेबसाइटने तो छापला. सातासमुद्रापार बाप्पाची महती वगैरे. मी कौतुकाने ती बातमी माझ्या मुलीला दाखवली. तिने मोबाइल परत माझ्या हातात दिला. “आई, डिड यू आस्क देम? यू कान्ट जस्ट पोस्ट पीपल हिअर. इट्स इललीगल.” मी म्हटलं, चांगल्या कामाचा फोटो आहे, ते कशाला तक्रार करतील.

त्यानंतर महिनाभर सगळं नेहमीसारखं चाललं होतं. मग एका मंगळवारी मी वस्तीच्या फाटकाशी पोचले तर पहारेकऱ्याने गाडी आत सोडली नाही. तीन वर्षं मला सलाम करणारा माणूस, त्या दिवशी माझ्याकडे बघायलाही तयार नव्हता. “खलास मॅडम, उधर कोई नहीं है,” तो म्हणाला. “आप वापस जाओ, इधर रुको मत.”

चार दिवसांनी बातमी आली. आधी इंग्रजीत, मग अरबीत, मग सगळीकडे. आमचा लेमन मॅन मेक्सिकोतल्या एका मोठ्या अमली पदार्थांच्या टोळीचा म्होरक्या होता. त्याला इथे पकडून अमेरिकेच्या ताब्यात दिलं होतं. त्याची जन्मकथा मी सोफ्यावर बसून वाचली आणि सुरुवातीची पानं मला तोंडपाठ निघाली. लिंबाची बाग, पेट्या, दुसऱ्याचा ट्रक. फक्त त्या ट्रकात लिंबांच्या खाली काय असायचं ते त्याने मला सांगितलं नव्हतं. जुना म्होरक्या तुरुंगात गेल्यावर याने त्याची गादी घेतली आणि त्याच्या भावाला मारलं. मग ज्या बागांत बाप राबला त्याच बागवाल्यांवर पेटीमागे खंडणी बसवली. ज्यांनी दिली नाही त्यांची प्रेतं पुलाला टांगलेली सापडली. शेवटी त्याच्याच माणसांनी त्याच्यावर बंदूक रोखली तेव्हा खोट्या कागदांवर बायको-मुलीला घेऊन तो इथे पळून आला. पासपोर्टवरची तिघांचीही नावं खोटी होती. पहिल्या दिवशी पोरीने वहीवर खोडलेलं अक्षर तिच्या खऱ्या नावाचं होतं. आणि मी तिला धांदरट म्हटलं होतं.

बातमीत एक वाक्य होतं. परदेशात एका धार्मिक समारंभात काढलेल्या छायाचित्रावरून त्याची ओळख पटल्याचं समजतं. समजतं, म्हणजे खात्री नाही. नवरा म्हणाला, अगं, पोलिस काय तुझ्या फेसबुकवर बसलेत का, त्यांना आधीच माहीत असणार. असेलही. मला अजून कळलेलं नाही आणि आता कोण सांगणार. तो पकडला गेला हे योग्यच झालं. पुलाला टांगलेल्या माणसांनाही आठ वर्षांच्या मुली असतील. हे मला पटतं. पण हे पटूनही कैरीची बशी डोळ्यांपुढून हलत नाही, त्याला मी काय करू?

नवऱ्याने बजावलं, आपण कुणाशी एक अक्षर बोलायचं नाही. आपला व्हिसा, त्याची नोकरी, मुलीचं शिक्षण, सगळं या देशाच्या मर्जीवर. मी फोटो काढून टाकला. वेबसाइटवाल्यांना दोनदा लिहिलं, उत्तर आलं नाही. पोरीच्या आईचा नंबर लावून पाहिला, बंद. एवढ्या मोठ्या वस्तीत, एवढ्या मोठ्या शहरात, त्या मायलेकींचं काय झालं हे विचारायला मला एक माणूस नव्हता, आणि असता तरी विचारायची छाती नव्हती.

दीड महिन्याने, दुपारी मी मेथी निवडत असताना, अनोळखी देशाच्या नंबरावरून मेसेज आला. तीच होती. ती इंग्रजीत लिहीत होती, मी इथे आपल्या भाषेत लिहिते. मिस, मी आहे. मी कुठे आहे ते सांगू शकत नाही. मला एकच विचारायचंय. मी तुम्हाला जे सांगितलं होतं ते तुम्ही कुणाला सांगितलं का?

मेथीने हिरवे झालेले हात तसेच होते. मी लिहिलं, नाही बाळा.

मग एक चित्र आलं. माझीच पोस्ट, त्या वेबसाइटवरची, तिने भाषांतराचं बटण दाबून इंग्रजीत केलेली. मेक्सिकोच्या पाहुण्यांनी आरती केली. खाली माझं नाव.

मी काही लिहायच्या आत पुढचा मेसेज आला. “पापाचे लोक विचारत आहेत, कोणी सांगितलं. मी त्यांना सांगितलं की मी शाळेत बोलले. ते मला काही करणार नाहीत. मम्मा मात्र माझ्याशी बोलत नाही.” आणि त्याखाली, “तुमचं नाव तिथून काढायला सांगा, प्लीज, मिस.”

आईला खरं सांग, ते मी लिहिलं होतं, तू नाही. एवढंच लिहायचं होतं. शब्द तयार होते, बोट अक्षरांवर होतं. नवरा ऑफिसात होता, मुलगी क्लासला, मला अडवायला घरात कुणीही नव्हतं. मी दार आतून बंद आहे का ते उठून पाहून आले. मग ‘ओके’ लिहिलं.

तिने अंगठा पाठवला. तेव्हापासून तो नंबर लागत नाही.